हिरवळ पिवळी पडली की लगेच खताची पिशवी उघडू नका: या चुका टाळा

लॉनचा एखादा तुकडा सुकायला लागला की आपण सगळे एकाच क्रमाने वागतो. आधी पाणी वाढवतो, मग खत टाकतो, तेवढ्यानं भागलं नाही तर तिथलं गवत उपटून नवं लावतो. महिनाभर बरं दिसतं आणि मग तोच तुकडा पुन्हा पिवळा. घरामागच्या एका कोपऱ्यात मी सलग दोन वर्षं हेच केलं. गवतात काही खोट नव्हती. छतावरचं पाणी ज्या पाइपातून खाली येतं, त्याचं तोंड बरोबर त्या कोपऱ्यात उघडत होतं आणि तिथली मुळं प्रत्येक जोराच्या पावसानंतर गुदमरत होती.

तेव्हापासून एक नियम पाळतो. एकाच जागी तीच तक्रार दुसऱ्यांदा आली, की कापणी, पाणी आणि खत बाजूला ठेवायचं आणि खुरपं घेऊन जमीन उघडून बघायची. बागेत बिघाड कुठेही होवो, तो सगळ्यात आधी गवतावर दिसतो, कारण गवताची मुळं उथळ असतात. म्हणून तर गवतावरचे उपाय बहुतेक वेळा आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी ठरतात.

पिवळं गवत म्हणजे उपाशी गवत, असं धरून चालणं

कुठली पानं पिवळी आहेत ते आधी बघा. नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं नत्र काढून नव्या फुटीला देतं, त्यामुळे खालची, जुनी पानं आधी पिवळी होतात. लोहाचं उलटं आहे. ते एका पानातून दुसऱ्या पानात सहज जात नाही, म्हणून कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा मात्र हिरव्या राहतात. अशा वेळी जमिनीत लोह असतंही, पण सामू, म्हणजे मातीचा pH, वाढलेला असल्यामुळे मुळांना ते घेता येत नाही. तिथं नत्राचं खत कितीही ओता, दुखणं तिथंच राहतं.

बहुतेक गवतांना ६ ते ७ सामू मानवतो. तो अंदाजानं कळत नाही, माती तपासूनच घ्यावी लागते. दहा-बारा ठिकाणची, वरच्या १० ते १५ सेंटिमीटर थरातली माती एकत्र कालवून नमुना द्या. खराब तुकड्याचा नमुना मात्र वेगळा ठेवा, नाहीतर चांगल्या मातीत मिसळून त्याचा दोष झाकला जातो. आणि अहवाल हातात येईपर्यंत चुना किंवा राख टाकू नका.

दगडासारख्या जमिनीवर पाणी वाढवत राहणं

जमीन वाफशावर, म्हणजे ओलसर पण चिखल नसलेली, असताना एक लांब स्क्रूड्रायव्हर मातीत दाबून पाहा. हाताच्या जोरानं तो १५ सेंटिमीटरपर्यंत उतरला तर ठीक. बोटभर जाऊन अडला, तर माती दबलेली आहे. अशा मातीत पाण्याला वाट नसते आणि हवेलाही नसते. मुळं श्वास घेतात हे आपण विसरतो. रोजच्या पायवाटा, गाडी लावायची जागा, बांधकामाच्या वेळी यंत्रं फिरलेला भाग, इथं हे हमखास सापडतं. पोकळ दात्यांच्या यंत्रानं मातीच्या कांड्या बाहेर काढाव्या लागतात. नुसते भरीव खिळे ठोकले की भोकाच्या भोवतीची माती आणखी दाबली जाते, तेव्हा ते टाळा. लोकांची ये-जा तिथूनच होणार असेल तर गवताचा हट्ट सोडून सरळ फरशा टाकून वाट करावी, असं माझं मत आहे.

पाणी कुठून येतं ते न बघता खड्डा बुजवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पाणी तुंबलं की चार पाट्या माती आणून खोलगट भाग भरला जातो. पाणी मग शेजारचा रस्ता धरतं, आणि तो रस्ता पुष्कळदा घराच्या भिंतीकडे जातो.

एक साधा हिशेब करून पाहा. १०० चौरस मीटर छतावर १० मिलिमीटर पाऊस पडला की १,००० लिटर पाणी होतं. ते सगळं दोन पाइपांतून पायाशेजारी सोडलं, तर तिथल्या मातीचं काय होईल? म्हणून पाऊस चालू असताना छत्री घेऊन बाहेर पडा आणि पाणी कुठून निघतं, कुठं वळतं, कुठं थांबतं ते डोळ्यांनी पाहा. अर्ध्या तासात जे कळतं ते कोरड्या दिवशी महिनाभर बघून कळत नाही.

मग निचरा तपासा. ३० सेंटिमीटर खोल खड्डा खणा, पाण्यानं भरा, ते पूर्ण जिरू द्या. लगेच पुन्हा भरा आणि तासाभरात पातळी किती उतरली ते मोजा. अडीच सेंटिमीटरसुद्धा उतरली नाही तर निचरा वाईट आहे. भिंतीपासून पहिल्या ३ मीटरमध्ये जमीन साधारण १५ सेंटिमीटर तरी खाली उतरलेली असावी. नागरमोथ्यासारखं तण एखाद्याच पट्ट्यात दाट माजलं असेल, तर तिथं ओल टिकून राहते का तेही पाहा.

छतावरचं पाणी पाइप वाढवून दूर सोडणं हे घरच्या घरी जमतं. छिद्रांचा पाइप आणि खडी घालून चर काढायचा असेल, तर पाणी शेवटी जाणार कुठं हे आधी ठरवा. तोंड नसलेला चर म्हणजे जमिनीखालचं डबकं. घराच्या भिंतीला ओल येत असेल, पायाजवळची माती खचत असेल किंवा उतारावर माती धरून ठेवणारी भिंत पुढे झुकली असेल, तर माळ्याला बोलवून उपयोग नाही. तिथं स्थापत्य अभियंताच हवा. त्या भिंतीमागं साचलेल्या पाण्याचा दाब तिला ढकलत असतो, बाहेरून गिलावा करून तो थांबत नाही.

गवतासाठी झाडाचा बळी देणं

मरून गेलेली हिरवळ काही आठवड्यांत परत येते, मोठं झाड आपल्या हयातीत परत येत नाही. तरी नुकसान झाडाचं होतं. गवत कापायच्या दोरीच्या यंत्रानं बुंध्याची साल सोलली जाते. सालीखालच्याच पातळ थरांतून अन्न मुळांकडे जातं आणि खोडाची वाढही तिथूनच होते. साल सगळ्या बाजूंनी गेली तर झाड मरतं. बुंध्याला टेकून पालापाचोळ्याचा किंवा मातीचा ढीग लावणंही तितकंच घातक. खोड जमिनीपाशी रुंद होतं तो भाग उघडा दिसला पाहिजे. आच्छादन ५ ते १० सेंटिमीटर जाडीचं, खोडापासून वीतभर लांब ठेवा.

झाडाची बरीचशी मुळं वरच्या अर्ध्या मीटरच्या आसपास असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. लॉन सपाट करायला त्यावर मातीचा जाड थर टाकला किंवा पाइपासाठी चर खणला, तर परिणाम कधीकधी काही वर्षांनी दिसतो. शेंडे वाळतात आणि तोवर चर कुणाच्या लक्षातही नसतो. दाट सावलीत गवत जगवायला फांद्या छाटत बसू नका. दिवसाला चार तासही ऊन नसेल तर तिथं सावलीत वाढणारी, जमिनीलगत पसरणारी झाडं लावा.

काही खुणा दिसल्या तर वाट पाहू नका. झाड अचानक कलणं, बुंध्याच्या एका बाजूची जमीन उचलली जाणं, दुबेळक्यात भेग पडणं, बुंध्यावर फळीसारखी बुरशी उगवणं. झाडाखाली कुणाला बसू देऊ नका आणि झाडांच्या प्रशिक्षित जाणकाराला दाखवा. स्वतः शिडी लावू नका. सरसकट शेंडा उडवून देतो म्हणणाऱ्याला नम्रपणे परत पाठवा, कारण त्या जखमांतून कूज शिरते आणि नवे फुटवे कमजोर जोडाचे येतात.

न बघता फवारणी

गवत चटईसारखं उचललं जात असेल तर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, असू शकते. ३० सेंटिमीटर बाजूचा चौकोन कापून खालची माती चाळा. दोन-चार पांढऱ्या, वाकड्या अळ्या सापडल्या तर सोडून द्या, निरोगी हिरवळ तेवढ्या सोसते. दहाच्या वर असतील तर उपाय करा. एकही नसेल तर औषधाची बाटली बंदच राहू द्या.

कामाचा क्रम उलटा लावणं

नवी हिरवळ हे सगळ्यात शेवटचं काम. आधी पाण्याची वाट, मग जमिनीचा उतार, मग झाडं, मग मातीची सुधारणा. यंत्रं आणि माणसं फिरायची ती आधीच फिरून झाली पाहिजेत. कुणाला बोलावलंत तर तो खर्च सांगण्याआधी काय तपासतो याकडे लक्ष द्या. जो जमिनीत काही खुपसून बघत नाही, पावसात पाणी कुठं थांबतं हे विचारत नाही, त्याला काम देऊ नका. ज्याला बोलावणार त्याला दाखवायला एकाच जागेवरून काढलेले तीन फोटो तयार ठेवा: जोराच्या पावसानंतर तासाभरानं, दुसऱ्या दिवशी आणि आठवडाभर कोरडं गेल्यावर.