विरोधाभास समोर आला तर काय करावं?

अमावास्येच्या रात्री तोरणमाळच्या पठारावर उभं राहा आणि विचारा: आकाश काळं का? ‘सूर्य मावळला म्हणून’ एवढ्याने भागत नाही. विश्व अनंत असेल, अनादि असेल आणि तारे सगळीकडे सारखे पसरलेले असतील, तर कुठेही पाहिलं तरी नजर शेवटी एखाद्या ताऱ्यावर अडायलाच हवी. यावलच्या दाट जंगलात ती खोडावर अडते तशी. मग सगळं आकाश सूर्यासारखं झळाळायला हवं! खगोलशास्त्रज्ञ केप्लरला हे १६१० मध्येच खटकलं होतं. पण १८२३ मध्ये जर्मन खगोलशास्त्रज्ञ ओल्बर्सने ते मांडलं आणि ‘ओल्बर्सचा विरोधाभास’ असं नाव त्याचंच राहिलं.

हेच उदाहरण हाताशी धरू.

आधी हा खरंच विरोधाभास आहे का, ते ठरवा. मुक्ताईच्या अभंगात मुंगी आकाशात उडून सूर्य गिळते. तिथे तर्काची चूक शोधायला जाऊ नका, ते कूट आहे. आपल्याला हवा तो पेच असा, की प्रत्येक पायरी पटते आणि शेवट मात्र पटत नाही.

मग गृहीतकं कागदावर उतरवा. विश्व अनंत, अनादि, तारे समान विखुरलेले, प्रकाश वाटेत अडत नाही. बहुतेक जण इथेच घाई करतात. ‘हे काय लिहायचं?’ असं ज्याबद्दल वाटेल, ते तर आधी लिहा.

आता आकडेमोड तपासा. लांबचे तारे मंद दिसतात, ही पळवाट चालत नाही. दुप्पट अंतरावरचा तारा चौपट मंद दिसतो हे खरं, पण आपल्याभोवती तिथे तेवढ्याच जाडीचं गोल कवच कल्पिलं, तर त्यात तारेही चौपट मावतात. हिशेब बरोबर आहे; म्हणजे गृहीतकांतलंच काहीतरी खोटं आहे.

एकेक गृहीतक काढून पाहा. ठिगळापासून मात्र सावध. ओल्बर्सला वाटलं, वाटेतलं काहीतरी प्रकाश शोषत असेल. पण जे शोषेल ते तापेल आणि शेवटी स्वतःच चमकू लागेल. सुटका कशात होती? ‘अनादि’ खोडण्यात. विश्वाचं वय सुमारे १,३८० कोटी वर्षं आहे. फार दूरचा प्रकाश अजून इथे पोचलेलाच नाही. गंमत म्हणजे आकाश पूर्ण काळंही नाही. तप्त बालविश्वाचा प्रकाश विश्वाच्या प्रसरणाने ताणला जाऊन सूक्ष्मलहरी (मायक्रोवेव्ह) झाला आहे आणि चहूकडून येतोच आहे, तापमान जेमतेम २.७ केल्विन. तो १९६५ मध्ये जाहीर झाला.

तत्त्वज्ञानात दुर्बीण नसते, तरी रीत तीच. समजा, चोपड्याकडच्या एका गावातला न्हावी म्हणतो, ‘जे स्वतःची दाढी करत नाहीत, त्या सगळ्यांची आणि फक्त त्यांचीच दाढी मी करतो.’ त्याची स्वतःची कोण करतो? दोन्ही उत्तरं आपटतात. तर असा न्हावी असूच शकत नाही, संपलं. पण तर्कशास्त्रज्ञ रसेलला १९०१ मध्ये हाच पेच गणितातल्या संचांच्या, म्हणजे वस्तूंच्या समूहांच्या, बाबतीत सापडला (जे संच स्वतःचेच घटक नाहीत, त्या सगळ्यांचा संच स्वतःचा घटक आहे का?) आणि तिथे खांदे उडवून चालेना. कोणत्याही अटीवरून संच बनवता येतो, हे गृहीतकच सोडावं लागलं.

काही पेच सुटत नाहीत. ‘मी आत्ता खोटं बोलतोय’ या वाक्यावर दोन हजार वर्षांनंतरही एकमत नाही. तरी तो कागद फाडू नका. आइन्स्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांनी १९३५ मध्ये पुंजभौतिकीवर, म्हणजे अणूंच्या सूक्ष्म जगाच्या शास्त्रावर, ते अपुरं आहे असा घेतलेला आक्षेप कित्येक वर्षं निव्वळ वादाचा विषय होता. १९६४ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ बेलने त्यातून मोजता येईल अशी अट काढली: जग त्या तिघांना वाटत होतं तसं असेल, तर ती पाळली जायलाच हवी. प्रयोगांत ती मोडली, आणि त्या प्रयोगांसाठी २०२२ चं नोबेल दिलं गेलं.