रिक्वायरमेंट घेताना या चुका टाळा

रिक्वायरमेंट म्हणजे सॉफ्टवेअरने नेमकं काय करायचं, याची क्लायंटची गरज. ती समजून घेऊन डेव्हलपरसाठी लिहून काढायला नवीन बिझनेस अ‍ॅनालिस्ट क्लायंटकडे जातात, तासभर मीटिंग करतात आणि संध्याकाळी सांगतात, "रिक्वायरमेंट क्लिअर आहे." या वाक्याची मला धास्ती वाटते.

क्लायंटचा शब्द आपल्या अर्थाने घेणं, ही सगळ्यात महाग पडणारी चूक. एका दूध संघाचं काम होतं. त्यांनी सांगितलं, "बिल दर दहा दिवसांनी निघतं." मी तेच लिहिलं आणि डेव्हलपरने दहा-दहा दिवस मोजणारा कोड लिहिला. टेस्टिंग जूनच्या डेटावर झालं. ३० दिवस, तीन बिलं, सगळं जुळलं. जुलैचं तिसरं बिल मात्र ३० तारखेला बंद झालं आणि ३१ तारखेचं दूध पुढच्या बिलात गेलं. तिथून पुढे प्रत्येक बिल एका दिवसाने सरकलेलं. गावच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. १०, २० आणि ३१ तारखेखाली लाल शाईची रेघ होती. "साहेब, तिसरं बिल एकवीस ते महिनाअखेर. फेब्रुवारीत आठच दिवसांचं. तुम्ही विचारलंच नाही." कोड दोन तासांत दुरुस्त झाला. निघालेली बिलं रद्द करून, पशुखाद्याच्या आणि अ‍ॅडव्हान्सच्या कपाती पुन्हा लावून हिशेब जुळवण्यात तीन आठवडे गेले. तेवढे दिवस शेतकऱ्यांचे पैसे अडकले, हे आजही टोचतं.

तेव्हापासून मी आधी खरा कागद मागतो: मागच्या महिन्याचं बिल, रजिस्टरचं पान. प्रत्येक नियमाखाली आकड्यांसकट तीन उदाहरणं लिहितो, आणि ती साहेबांकडून नाही, रोज बिल काढणाऱ्या क्लार्ककडून तपासून घेतो. पुढे सॉफ्टवेअर तपासताना तीच उदाहरणं टेस्ट केस होतात. वेळ लागतो, लागू द्या.

एकक लिहायला विसरू नका. सोसायटीत दूध लिटरमध्ये मोजतात, संघात किलोमध्ये; एक लिटर म्हणजे साधारण १.०३ किलो. आणि नुसतं लिहूनही भागत नाही. नासाचं मंगळाकडे पाठवलेलं मार्स क्लायमेट ऑर्बिटर यान सप्टेंबर १९९९ मध्ये गमावलं, तेव्हा मेट्रिक एककाची अट कागदावर होती. जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरने तरीही पाउंडातले आकडे दिले आणि ते वेळेत कुणी पकडलं नाही.

"फास्ट हवं", "यूजर फ्रेंडली हवं" असं आलं की तिथेच विचारा: किती सेकंदांत, कुणाला?

"जुन्या सिस्टीमसारखंच करा" ही रिक्वायरमेंट नव्हे. जुनी सिस्टीम समोर बसून चालवून बघा.

"अजाइलमध्ये डॉक्युमेंट लागत नाही" हे तर ऐकून ऐकून कंटाळा आला. अजाइल म्हणजे छोट्या छोट्या टप्प्यांत सॉफ्टवेअर बनवत नेण्याची पद्धत. तिच्या २००१ च्या जाहीरनाम्यात चालत्या सॉफ्टवेअरला जास्त महत्त्व दिलंय, पण डॉक्युमेंटलाही मोल आहे हे तिथेच म्हटलंय. शॉर्टकट मारणारे तेवढं वाक्य सोडून देतात.

फोनवर ठरलेला बदल थेट डेव्हलपरला सांगणं हा दुसरा रोग. "छोटासाच बदल आहे" म्हणून फॅटच्या दरात एक पायरी वाढते आणि महिन्याने ती कुणी, का वाढवली हे कुणालाच आठवत नाही. माझा शिरस्ता असा: फोन ठेवला की पाच ओळींचा मेल. काय ठरलं, कुणी सांगितलं, कुठल्या तारखेपासून लागू, जुन्या बिलांचं काय करायचं, किती दिवस वाढतील. समोरून "ओके" येईपर्यंत काम सुरू होत नाही, मग क्लायंट कितीही घाईत असो.