नव्या व्हिडिओ गेमवर पाच हजार रुपये घालण्यापूर्वी

प्लेस्टेशन ५ साठी निघणाऱ्या मोठ्या गेमच्या डिस्कची भारतातली छापील किंमत बहुतेक वेळा पाच हजार रुपयांच्या आसपास असते, आणि संगणकावरचे मोठे गेमही आता त्याच्या फार खाली राहिलेले नाहीत. एवढे पैसे मोजून आणलेला गेम पहिल्याच संध्याकाळी बंद करून ठेवण्याची वेळ येऊ नये म्हणून खरेदीआधी आणि खरेदीनंतर काय करावे, ते येथे सांगायचे आहे. त्यासाठी २०२३ हे वर्ष समोर ठेवणे सोयीचे आहे. ‘बाल्डर्स गेट ३’ आणि झेल्डा मालिकेतला ‘टिअर्स ऑफ द किंगडम’ त्याच वर्षी आले, त्यामुळे गेम खेळणाऱ्यांच्या आठवणीत ते सुगीचे वर्ष आहे. पण ‘रेडफॉल’, ‘गॉलम’, ‘पेडे ३’, ‘सिटीज: स्कायलाइन्स २’ आणि ‘द डे बिफोर’ हेही त्याच बारा महिन्यांतले. यांतल्या बहुतेकांच्या बाबतीत गिऱ्हाईक आधीच सावध होऊ शकले असते, कारण काय बिघडले आहे त्याची चाहूल प्रकाशनापूर्वीच लागली होती. ती कोठे शोधायची, एवढाच प्रश्न आहे.

सर्वप्रथम परीक्षणे कधी प्रसिद्ध होणार आणि ती कोणत्या यंत्रावर खेळून लिहिलेली आहेत, हे पाहावे. प्रकाशक कंपन्या परीक्षकांना गेम आधी देतात, पण ठरलेल्या तारखेपूर्वी काही छापायचे नाही अशी अट घालतात. ही तारीख प्रकाशनाच्या चारपाच दिवस आधीची असेल तर कंपनीला आपल्या मालाचा भरवसा आहे असे साधारणपणे मानता येते. ती प्रकाशनाच्याच तासावर आणून ठेवली असेल तर आपणही हात आखडता घ्यावा. मात्र तारीख चांगली असली म्हणून भागत नाही. ‘सायबरपंक २०७७’ १० डिसेंबर २०२० रोजी बाजारात आला आणि त्याची पहिली परीक्षणे तीन दिवस आधी प्रसिद्ध झाली. ती बहुतांशी स्तुतीची होती, परंतु परीक्षकांना केवळ संगणकावरची आवृत्ती देण्यात आली होती. ज्यांनी ती वाचून प्लेस्टेशन ४ साठी गेम घेतला, त्यांच्या वाट्याला अडखळणारा आणि मध्येच बंद पडणारा निराळाच गेम आला. जुन्या कन्सोलवर (टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रावर) गेम कसा चालतो ते आधी दाखवले नाही, याबद्दल कंपनीने काही दिवसांतच जाहीर माफी मागितली आणि १७ डिसेंबरला सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला. तो परत आला जून २०२१ मध्ये. तेव्हा आपल्या घरी जे यंत्र आहे त्यावरचे एकही परीक्षण प्रकाशनाच्या दिवसापर्यंत सापडत नसेल, तर ते न सापडणे हेच परीक्षण समजावे.

दुसरी जागा म्हणजे प्रकाशनाच्या आधीच्या दोनतीन आठवड्यांतली कंपनीची अधिकृत निवेदने. जाहिरातीत जे येत नाही ते बऱ्याचदा येथे येते, आणि ते इतक्या सौम्य भाषेत लिहिलेले असते की भरकन वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटते. ‘रेडफॉल’ २ मे २०२३ रोजी आला. त्याच्या सुमारे तीन आठवडे आधी असे जाहीर झाले की मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स कन्सोलवर तो सुरुवातीला सेकंदाला ३० फ्रेमनेच, म्हणजे पडद्यावरच्या ३० चित्रांनीच, चालेल आणि ६० फ्रेमची सोय नंतरच्या अपडेटमध्ये मिळेल. नेमबाजीच्या गेममध्ये ३० आणि ६० यांतला फरक बोटांना जाणवतो. पण ही बातमी त्याहून मोठे काहीतरी सांगत होती, ते म्हणजे गेम वेळेत तयार झालेला नाही. ६० फ्रेमची सोय ऑक्टोबरमध्ये आली, तोपर्यंत खेळणारे पांगले होते. शहर उभारण्याच्या ‘सिटीज: स्कायलाइन्स २’ च्या वेळी तर कंपनीने आडपडदाही ठेवला नव्हता. २४ ऑक्टोबरच्या प्रकाशनाआधी संगणकासाठीच्या अटी वाढवून शिफारशीचे ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०८० या महागड्या, ताकदवान कार्डावर नेले गेले, कन्सोलच्या आवृत्त्या पुढच्या वर्षावर ढकलल्या गेल्या, आणि गेमचा वेग आम्हाला हवा होता तिथवर पोचलेला नाही हेही सांगून झाले. २०१५ च्या पहिल्या भागावर जीव जडलेल्यांनी तरीही पहिल्याच दिवशी तो घेतला आणि मग शहर वाढू लागताच पडदा गोगलगायीच्या चालीने सरकतो म्हणून तक्रार केली. त्यांच्या प्रेमाबद्दल आदर आहे, पण या एका प्रकरणात कंपनीला खोटारडी म्हणता येत नाही.

ट्रेलर पाहताना एकच कसोटी लावावी: कापाकापी न केलेला, पडद्यावर आरोग्याची पट्टी, नकाशा आणि गोळ्यांचा हिशेब दिसत असलेला, सलग दहा मिनिटांचा खेळ कंपनीने कोठे दाखवला आहे काय? ‘द डे बिफोर’ हे या बाबतीतले टोकाचे उदाहरण आहे. हजारो खेळाडूंना एकत्र सामावणारे विशाल, मोकळे जग अशी त्याची जाहिरात होती आणि स्टीम या संगणक-गेमच्या ऑनलाइन दुकानात इच्छायादीत टाकलेल्या गेममध्ये तो एके काळी सर्वांत वर होता. प्रकाशन पुन्हा पुन्हा पुढे गेले. एकदा तर नावाच्या व्यापारचिन्हाच्या वादामुळे त्याचे पानच स्टीमवरून हटले. ७ डिसेंबर २०२३ रोजी तो उघडला तेव्हा निघाला अगदी साधा, एका शहरात शिरून सामान लुटून बाहेर पडण्याचा नेमबाजी गेम. चार दिवसांनी, ११ डिसेंबरला, स्टुडिओने स्वतःला टाळे लावत असल्याचे जाहीर केले आणि २२ जानेवारी २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले. इच्छायादीतला क्रमांक लोकांना काय हवे आहे ते सांगतो. काय मिळणार आहे याच्याशी त्याचा संबंध नसतो.

स्टुडिओचे नाव पाहून गेम घेणारे पुष्कळ असतात, आणि नाव पाहणे चुकीचे नाही. मात्र त्या नावाखाली कोणत्या जातीचे गेम तयार झाले आहेत हे सोबत पाहावे. ‘गॉलम’ करणारा हॅम्बर्गचा डेडॅलिक स्टुडिओ माउसने टिचक्या मारत कोडी सोडवण्याच्या कथाप्रधान गेमसाठी ओळखला जाई. उड्या मारत, दबा धरत पुढे सरकण्याचा त्रिमितीय गेम हे त्याचे अंगण नव्हते. २५ मे २०२३ रोजी गेम आला, लगोलग माफीपत्र आले, आणि जुलै उजाडेपर्यंत स्वतः गेम घडवण्याचे कामच स्टुडिओने थांबवले. ‘रेडफॉल’ करणाऱ्या आर्केन ऑस्टिन या स्टुडिओची ख्याती एकट्याने, विचार करत खेळायच्या ‘प्रे’ सारख्या गेमची होती. ‘रेडफॉल’ मात्र चौघांनी मिळून शस्त्रे गोळा करत फिरण्याचा होता. ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेच्या वृत्तानुसार तो पूर्ण होईपर्यंत ‘प्रे’ वर काम केलेल्या ऑस्टिनमधल्या लोकांपैकी सुमारे ७० टक्के लोक स्टुडिओ सोडून गेले होते. पाटी तीच राहिली, पण आचारी बदलले होते.

प्री-ऑर्डर करू नये, हे माझे मत आता पक्के झाले आहे. डिजिटल प्रती संपत नाहीत, त्यामुळे आधी नोंदवून काही राखले जात नाही. मी एकदा केवळ घोड्याच्या सोनेरी खोगिराच्या आमिषाने एका गेमसाठी आगाऊ पैसे भरले. दोन रात्री डाउनलोडला गेल्या, तिसऱ्या दिवशी तेवढाच दांडगा अपडेट उतरवावा लागला, आणि घोडा मिळण्याच्या प्रसंगापर्यंत पोचण्याआधीच मी तो गेम सोडला. खोगीर अजून तिथेच कोठेतरी आहे. महागड्या आवृत्त्यांचे तर याहून वाईट असते, कारण त्यांत अजून न घडलेल्या गोष्टींचे पैसे धरलेले असतात. ‘रेडफॉल’ च्या वरच्या आवृत्तीत पुढे येणाऱ्या दोन पात्रांचे मोल समाविष्ट होते. मे २०२४ मध्ये आर्केन ऑस्टिन बंद झाला, ती पात्रे आलीच नाहीत आणि त्यांच्या पैशांची परतफेड करण्याची व्यवस्था करावी लागली. हाच गेम ‘गेम पास’ या मायक्रोसॉफ्टच्या सेवेच्या वर्गणीत पहिल्या दिवसापासून उपलब्ध होता, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. शंका असलेला गेम वर्गणीत मिळत असेल तर तो तिथेच चाखून पाहावा.

अर्ली ॲक्सेस म्हणजे अपुऱ्या अवस्थेत विकायला काढलेला गेम. अशा ठिकाणी भविष्याचा आराखडा बाजूला ठेवून आज जेवढे खेळता येते तेवढ्याचीच किंमत करावी. अवकाशयाने बांधून उडवण्याचा ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम २’ फेब्रुवारी २०२३ मध्ये ५० डॉलरला आला तेव्हा त्यात प्रयोग करत पुढे जाण्याचा विज्ञानाचा टप्पादेखील नव्हता. तो डिसेंबरमध्ये आला, आणि पुढच्या वर्षी नोकरकपातीनंतर काम थंडावले ते थंडावलेच. ‘बाल्डर्स गेट ३’ सुद्धा ऑक्टोबर २०२० पासून जवळजवळ तीन वर्षे याच अवस्थेत विकला जात होता, म्हणून पद्धतीला दोष देण्याचे कारण नाही.

एकट्याने खेळण्यासाठीही इंटरनेट लागते का, हे दुकानाच्या पानावर तपासावे. दरोडे घालण्याचा ‘पेडे ३’ सप्टेंबर २०२३ मध्ये आला आणि सर्व्हर कोलमडल्यामुळे कित्येक दिवस पैसे मोजलेल्यांना दरोडा घालायला आतच जाता येईना, मग तो एकट्याने घालायचा असो की मित्रांसोबत. आपल्याकडे वीज गेली की राउटर गेला, हा हिशेबही त्यात धरावा. ‘कॉन्कॉर्ड’ हा ऑनलाइन नेमबाजी गेम तर २३ ऑगस्ट २०२४ ला सुरू होऊन ६ सप्टेंबरला बंदच करण्यात आला; सर्वांना पैसे परत मिळाले, पण विकत घेतलेला गेम कपाटात राहील ही समजूत सर्व्हरवरच्या गेमना लागू पडत नाही, हे त्या पंधरवड्याने दाखवले.

इतके पाहूनही गेम घेतलाच, तर परतीचे नियम पैसे भरण्याआधी वाचून ठेवावेत. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि एकूण दोन तासांहून कमी खेळलेले असल्यास कारण काहीही असले तरी पैसे परत मागता येतात. प्लेस्टेशनच्या दुकानातही १४ दिवसांची मुदत आहे, परंतु डाउनलोड सुरू झाले की गेम सदोष असल्याखेरीज तो हक्क जातो. म्हणून तेथे आपोआप डाउनलोड होण्याची सोय बंद ठेवावी. स्टीमचे ते दोन तास जपून वापरावेत, कारण घड्याळ गेम उघडल्याबरोबर चालू होते. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट १’ मार्च २०२३ मध्ये संगणकावर आला तेव्हा शेडर (पडद्यावरची चित्रे रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होण्याची पट्टी अनेकांच्या पडद्यावर बराच वेळ रेंगाळत असे, आणि तिच्याकडे पाहत बसलेला वेळही खेळाच्या वेळेत मोजला जाई. काही गेम आठवडाभर लवकर खेळू देण्याचे जादा पैसे घेतात; २०२४ पासून त्या काळातला खेळही या दोन तासांत धरला जातो.

माझी स्वतःची पद्धत अशी आहे. ज्या संध्याकाळी सलग दोन तास मोकळे असतील त्याच संध्याकाळी गेम प्रथम उघडावा. शेडरची पट्टी संपली की सेटिंगमध्ये जाऊन फ्रेमचा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात दिसेल असे करावे आणि सुरुवातीची लांबलचक चित्रफीत वगळावी. कथा पसंत पडली तर ती पुन्हा पाहता येते. बंद खोलीत कोणताही गेम सुरळीत चालतो, म्हणून लवकरात लवकर मोकळ्या जागेत किंवा गर्दीच्या चौकात जाऊन गरगर फिरावे आणि आकडा किती खाली येतो ते टिपून घ्यावे. त्यानंतर मुद्दाम गेम बंद करून पुन्हा उघडावा आणि जतन केलेली जागा शाबूत आहे ना, ते पाहावे. माझ्या वहीत अशा एका गेमपुढे ‘चौकात १९, दोनदा बंद, १ तास ३८ मिनिटे’ एवढीच नोंद आहे, आणि तिच्याखाली परतीचा अर्ज भरल्याची तारीख.

परत करण्याची वेळ टळून गेली असेल, तर वाट पाहावी की आशा सोडावी हे दोषाच्या जातीवरून ठरवावे. गेम अडखळतो, बंद पडतो, वस्तूंच्या पृष्ठभागाचे पोत उशिरा उमटतात, हे दोष अपडेटने जाऊ शकतात. ‘सायबरपंक’ सप्टेंबर २०२३ च्या दुरुस्तीनंतर जवळजवळ नवा झाला, कारण पाया भक्कम होता आणि पहिल्या काही दिवसांतच १ कोटीहून अधिक प्रती खपलेल्या असल्यामुळे दुरुस्तीला पैसाही होता. कंटाळवाण्या मोहिमा, निर्जीव जग आणि हाताला गोड न लागणारी लढत मात्र अपडेटने सुधारल्याचे मी फार क्वचित पाहिले आहे. सर्व्हरवरच्या गेमबाबत महिन्याभराने स्टीमवर एकाच वेळी किती जण खेळत आहेत तो आकडा पाहावा. तो शेकड्यांत आला असेल तर पुढच्या मोसमाचे (पुढे येणाऱ्या नव्या मजकुराचे) पास घेऊ नयेत.

कन्सोलवर खेळणाऱ्यांनी शंका असलेला गेम डिस्कवरच घ्यावा. डिस्क हातोहात विकता येते, अदलाबदल करता येते, आणि ती हाती आल्यावरही वेष्टन लगेच फोडण्याची घाई नसते. प्रकाशनानंतरचा पहिला शनिवार-रविवार इतरांना खेळू द्यावा, सोमवारी त्यांचे म्हणणे वाचावे, आणि मन कचरले तर न फोडलेली डिस्क किंमत घसरण्याआधी त्याच आठवड्यात विकून टाकावी.