थेरपी मुलाला लागू पडते का? मोजायचं कसं

अपंग मुलांसाठी थेरपीची सत्रं किती झाली, चाकाच्या खुर्च्या किती वाटल्या, हा हजेरीपटाचा हिशेब. सेवा लागू पडली का, ते मुलाच्या रोजच्या दिवसात दिसतं. मोजायचंही तिथंच.

थेरपी सुरू होण्याआधी आई-वडिलांना आणि मुलालाही विचारा: घरात, शाळेत कशावाचून अडतं? त्यातून दोन, फार तर तीन उद्दिष्टं निवडा आणि प्रत्येकाची पाच पायऱ्यांची शिडी लिहा. ‘गोल अटेनमेंट स्केलिंग’ (उद्दिष्ट किती गाठलं ते मोजणं) ही शिडीची पद्धत १९६८ पासून वापरात आहे. समजा, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणं) असलेली सात वर्षांची मुलगी. उद्दिष्ट: पलंगापासून न्हाणीपर्यंत जाणं.

−२: उचलून न्यावं लागतं
−१ (आज): दोन्ही हात धरले तर चालते
०: एक हात धरून चालते
+१: भिंत धरून चालते, कुणीतरी शेजारी लागतं
+२: भिंत धरून एकटी जाते

० म्हणजे बारा आठवड्यांत खरोखर गाठता येईल अशी पायरी. आजची स्थिती −२ वर ठेवू नका. मूल मागे गेलं तर लिहायला जागाच उरत नाही. एका शिडीत एकच गोष्ट बदलू द्या. इथं ती मदत आहे. त्यात अंतर आणि वेळ मिसळलात तर दोन माणसांनी दिलेले गुण जुळणार नाहीत. स्नायूंची ताकद कमी करत नेणाऱ्या आजारात आहे ती क्षमता टिकली, तरी तेच ० धरा.

बारा आठवड्यांनी गुण देणारा माणूस थेरपी देणारा नसावा. त्यानं घरी जाऊन बघावं, केंद्रातल्या गुळगुळीत फरशीवर नव्हे.

सीमाभागात भाषेचा घोळ हमखास होतो. फॉर्म कन्नडमध्ये, घर मराठी. कार्यकर्ता जागेवर भाषांतर करतो आणि प्रत्येकाचं वेगळं निघतं. मराठी प्रत एकदाच तयार करा, दुसऱ्याकडून ती परत कन्नडमध्ये करून मूळ फॉर्मशी ताडून बघा. ‘स्वतःची काळजी घेणे’ असं छापू नका. ‘स्वतःचं स्वतः आवरतो का?’ असं विचारा. नाहीतर परक्या फॉर्मसमोर आई प्रत्येक प्रश्नाला ‘होय’ म्हणून मोकळी होते.

पावसाळाही आकडे फिरवतो. खानापूरच्या जंगलपट्टीत जुलैत चिखलामुळे शाळा बुडते, तो थेरपीचा दोष नव्हे. शाळेतली हजेरी मागच्या जुलैशी ताडा, मार्चशी नको.

युनिसेफ आणि वॉशिंग्टन ग्रुप (अपंगत्वाची आकडेवारी कशी घ्यायची ते ठरवणारा संयुक्त राष्ट्रांचा गट) यांची प्रश्नावली (२ ते ४ आणि ५ ते १७ वर्षं) कुठल्या मुलांना अडचण आहे हे शोधायला चांगली. तिच्यात बहुतेक प्रश्नांना उत्तरं चारच, त्यामुळे तीन महिन्यांची प्रगती तिला दिसत नाही. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावरचा टक्का तर त्याहून निरुपयोगी: अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात ४० टक्क्यांची अट हक्क ठरवायला आहे, सुधारणा मोजायला नाही.

अहवालात सर्वांत जास्त फसवाफसवी भाजकात होते, बहुतेकदा नकळत. ४० मुलं नोंदली, शेवटी २६ भेटली, त्यांतली १८ जणं ० किंवा वर पोचली. हे ‘६९ टक्के यश’ नव्हे. ‘४० पैकी १८ पोचली, ८ नाही, १४ जणांचं माहीत नाही’ असं लिहा. मग त्या १४ घरी जा: ऊसतोडीला गेलेत, इलाज मिरज-कोल्हापूरला हलवलाय, की एसटीचं भाडं परवडेना?