गाडीचे पार्ट कंपनीचे घ्यायचे का बाहेरचे? आधी हा हिशोब करा

पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअरच्या दुकानात वॅगनआरचे पुढचे ब्रेक पॅड मागितले की काउंटरवरून पहिला प्रश्न येतो, "ओरिजिनल देऊ का लोकल?" आणि आपण तिथेच गडबडतो. ओरिजिनल म्हटलं तर वाटतं जास्त पैसे जातायत, लोकल म्हटलं तर भीती वाटते. खरं सांगायचं तर तो प्रश्नच अर्धा आहे, कारण दुकानात दोन नाही, निदान चार प्रकारचा माल असतो आणि एका पार्टला जे उत्तर बरोबर तेच दुसऱ्या पार्टला चुकीचं असतं. मी गेली बरीच वर्षं माझ्या गाडीचे पार्ट स्वतः जाऊन आणतो, त्यात पैसे वाचवले पण आणि घालवले पण, त्यातून जी पद्धत बसली ती सांगतो.

पायरी १ : आधी मालाचे प्रकार नीट समजून घ्या

पहिला जेन्युइन, म्हणजे गाडीच्या कंपनीच्या बॉक्समधून येणारा. आता गाडीची कंपनी प्रत्येक पार्ट स्वतः बनवत नाही हे चाकण, चिंचवड, नाशिककडच्या लोकांना वेगळं सांगायला नको, कितीतरी घरांत कोणी ना कोणी वेंडर कंपनीत कामाला असतं. शॉकअप एक जण बनवतो, लाइट दुसरा, बेअरिंग तिसरा. तो माल गाडीच्या कंपनीकडे जातो, तिथे तपासणी होते, कंपनीच्या नावाच्या बॉक्समध्ये भरला जातो, मग डेपो, मग डीलर, आणि प्रत्येक टप्प्यावर थोडी किंमत चढते.

दुसरा प्रकार त्याच वेंडरचा, पण त्याच्या स्वतःच्या बॉक्समधला. गॅब्रिएलचे शॉकअप, लुमॅक्सचे लाइट, एसकेएफचं बेअरिंग, एनजीकेचे प्लग, बॉश किंवा डेन्सोचे सेन्सर, हे सगळे गाड्यांच्या कंपन्यांना माल देतात आणि बाजारातही विकतात. माझ्या मते खरी बचत इथे आहे. फक्त एक लक्षात ठेवा, वेंडर तोच असला म्हणून दोन्ही बॉक्समधला माल शंभर टक्के सारखाच असेल असं नसतं, बाजारासाठी कधी कधी वेगळा ग्रेडही असतो.

तिसरा आफ्टरमार्केट. ज्याने तुमच्या गाडीच्या कंपनीला कधी तो पार्ट दिलेला नाही पण स्वतःच्या नावाने, स्वतःच्या जबाबदारीवर बनवून विकतो. यात चांगलेही आहेत आणि अगदी टाकाऊही आहेत.

चौथा डुप्लिकेट, दुसऱ्याचं नाव छापून विकलेला. ही सरळ फसवणूक आहे, याचा हिशोबच करायचा नाही. (स्क्रॅपमधून काढलेला जुना माल वेगळा, त्याचं पुढे सांगतो.)

आणि दुकानदार "ओईएम आहे साहेब" (म्हणजे गाडीच्या कंपनीला पुरवणाऱ्याचाच माल) म्हणाला की लगेच हो म्हणू नका, कोणत्या कंपनीचा ते नाव विचारा. सध्या हा शब्द कशालाही लावतात.

पायरी २ : पार्ट नंबर हातात असल्याशिवाय किंमत विचारू नका

आरसीवर चॅसिस नंबर असतो, तो मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. एकाच मॉडेलमध्ये मधल्या वर्षी पार्ट बदललेले असतात, पेट्रोल-सीएनजी-डिझेलचे वेगळे असतात, व्हेरियंटप्रमाणे वेगळे असतात. चॅसिस नंबर सांगितला की सर्व्हिस सेंटरच्या पार्ट काउंटरवर बरोबर नंबर निघतो, शिवाय जुन्या जेन्युइन पार्टच्या स्टिकरवर किंवा मागच्या बिलातही तो सापडतो. मग तोच नंबर ऑनलाइन टाकून एमआरपी बघा आणि दोन-तीन दुकानांत फोन करा.

जेन्युइन पार्ट फक्त सर्व्हिस सेंटरलाच मिळतो असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाही. बऱ्याच कंपन्यांचे अधिकृत डिस्ट्रिब्युटर असतात आणि पेठेतल्या काउंटरवर एमआरपीपेक्षा थोडं कमीही करून देतात. यावरून देशात मोठी केसही झाली होती. कार कंपन्या खुल्या बाजारात पार्ट आणि तपासणीची साधनं मिळू देत नाहीत, म्हणून ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड लावला. पुढे ते प्रकरण अपिलात गेलं, पण त्या आदेशातला एक मुद्दा प्रत्येक गाडीवाल्याने लक्षात ठेवावा असा आहे : बाहेर काम करून घेतलं एवढ्याच कारणावरून अख्खी वॉरंटी रद्द करू नये, बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जे नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारावी. तरी व्यवहारात माझा सल्ला असा की वॉरंटीच्या काळात इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंगला बाहेरचा हात लावू नका, वाद घालण्यात जो वेळ जातो तो परवडत नाही.

पायरी ३ : जुना पार्ट पुसून बघा

हे अगदी साधं आहे पण फार कमी जण करतात. पार्ट काढला की मेकॅनिककडून मागून घ्या, फडक्याला थोडं पेट्रोल लावून पुसा आणि उजेडात धरा. शॉकअपच्या नळीवर, हेडलाइटच्या काचेच्या कोपऱ्यात, बेअरिंगच्या रिंगवर बनवणाऱ्याचं नाव कोरलेलं किंवा उठवलेलं असतं. फॅक्टरीतून लागून आलेला पार्ट असेल तर तेच तुमचं उत्तर, त्या नावाचा त्याच नंबरचा माल त्याच्या स्वतःच्या बॉक्समध्ये मागा. गाडीच्या कंपन्या एकाच पार्टसाठी दोन-दोन वेंडरही ठेवतात, त्यामुळे मित्राच्या गाडीत निघालेलं नाव तुमच्या गाडीला लागू होईलच असं नाही, आपलाच पार्ट बघा.

पायरी ४ : प्रत्येक पार्टला दोन प्रश्न विचारा

एक, हा पार्ट चालता चालता गेला तर काय होईल? दोन, परत खोलायची वेळ आली तर लेबर किती लागेल?

दुसरा प्रश्न मी पैसे घालवून शिकलो. गाडी साठच्या वर गेली की पुढच्या डाव्या चाकातून घोंघों आवाज यायचा, बेअरिंग गेलं होतं. गॅरेजमध्ये मिळालं ते स्वस्तातलं बेअरिंग बसवलं, बॉक्सवरचं नाव एका मोठ्या ब्रँडसारखंच दिसत होतं पण एक अक्षर वेगळं होतं, ते मी नंतर वाचलं. पाच महिन्यांत तोच आवाज परत. माझ्या गाडीत ते बेअरिंग काढायला चाक, ब्रेक, नकल (ज्या लोखंडी भागात बेअरिंग बसतं तो) सगळं उतरवून दाबाच्या मशीनवर, म्हणजे प्रेसवर न्यावं लागतं, म्हणजे परत तेवढंच लेबर, परत अलाइनमेंट, परत एक दिवस गाडी उभी. दोन वेळचं सगळं धरलं तर पहिल्यांदाच चांगलं बेअरिंग घेऊन वर पैसे उरले असते.

म्हणून हिशोब पार्टच्या किमतीचा नको, किलोमीटरचा करा. समजा एक शॉकअप १,४०० चा आहे आणि ३०,००० किलोमीटर चालतो, दुसरा २,२०० चा आहे आणि ६०,००० चालतो, आणि बसवायचं लेबर प्रत्येक वेळी ८०० आहे. पहिल्यात ६०,००० किलोमीटरला दोनदा मिळून ४,४०० जातात, दुसऱ्यात ३,०००. महाग दिसणारा शॉकअप १,४०० ने स्वस्त पडला.

आता माझा निवाडा सांगतो.

ब्रेक पॅड, ब्रेक शू, मास्टर सिलेंडर, स्टिअरिंगचे जॉइंट, लोअर आर्म, एअरबॅग : इथे जेन्युइन किंवा ज्याचा कंपनीला पुरवठा आहे त्याचाच, तिसरं काही नाही. पॅड हातात घेऊन शेजारी-शेजारी ठेवून बघा म्हणजे पटेल. चांगल्या पॅडच्या मागच्या पत्र्यावर आवाज दाबणारी पातळ शिम चिकटवलेली असते, घासणाऱ्या भागाच्या कडा तिरक्या कापलेल्या असतात, आणि बऱ्याच गाड्यांत एका पॅडला स्टीलची छोटी पट्टी असते जी पॅड संपत आला की डिस्कला घासून चिरका आवाज करते, म्हणजे तुम्हाला वेळेवर कळतं. मी पाहिलेल्या स्वस्त पॅडला शिम नव्हती, पट्टी नव्हती, काळा रंग मारताना तो घासणाऱ्या भागावरही उडालेला होता. सपाट रस्त्यावर तोही गाडी थांबवतो हो, पण ताम्हिणी उतरताना भरलेल्या गाडीत पॅड तापले आणि पेडल दाबूनही पकड मिळेना झाली तर मागच्या सीटवर आपलीच पोरं बसलेली असतात. इथे पाचशे-हजार वाचवू नका, कळकळीने सांगतोय.

क्लच, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप : इथे लेबर जास्त आहे. क्लचला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. जुन्या सँट्रोसारख्या टायमिंग बेल्टच्या गाडीत बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह वाकून अख्खं हेड उतरवायची वेळ येऊ शकते. तेव्हा जेन्युइन किंवा नावाजलेला वेंडर, आणि बेल्टबरोबर तो ताणून धरणारा टेन्शनरही बदला.

ऑइल फिल्टर : जेन्युइनच घ्या, मुळात स्वस्त असतो आणि बचत होते ती चहा-वड्याएवढी. आत एक रबरी व्हॉल्व्ह असतो जो गाडी बंद असताना ऑइल खाली उतरू देत नाही, खराब फिल्टरमध्ये तो धरत नाही आणि सकाळी सेल्फ मारल्यावर काही सेकंद इंजिन ऑइलशिवाय टकटक करतं.

एसी फिल्टर, वायपर, बल्ब, हॉर्न, बॅटरी : बिनधास्त बाहेरून, चांगल्या ब्रँडचं. एसी फिल्टर बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, पाच मिनिटांत स्वतः बदलता येतो.

बॉडी पार्टमध्ये बंपर बाहेरचा चालतो, पण रंगवायच्या आधी एकदा नुसता लावून फट बघा. बोनेट आणि फेंडर मात्र बाहेरचे फार वेळा नीट बसत नाहीत आणि डेंटर ठोकून ठोकून बसवतो. हेडलाइट स्वस्तातला घेतला तर उजेड इकडेतिकडे सांडतो, समोरच्याच्या डोळ्यात जातो आणि आपल्याला रस्ता दिसत नाही.

स्क्रॅपचा माल, म्हणजे कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा दिल्लीच्या मायापुरीत मिळतो तसा, दरवाजा, आरसा, सीट, डिकीचं झाकण यासाठी उत्तम, कारण तो गाडीवरून काढलेला असतो आणि फिटिंग बरोबर येतं. ब्रेक आणि एअरबॅग तिथून कधीच नाही. आणि बिल मागा, बिल देत नसेल तर तो पार्ट कुठून आला हे विचारायची गरजच नाही, निघून या.

पायरी ५ : बॉक्स वाचा, बिल वाचा

बॉक्सवर एमआरपी, पॅकिंगचा महिना-वर्ष, पार्ट नंबर आणि कस्टमर केअरचा पत्ता-नंबर हवा. होलोग्राम किंवा क्यूआर असेल तर दुकानातच स्कॅन करा. छपाई पुसट, स्पेलिंग चुकलेलं, बॉक्सवरचा नंबर आणि पार्टवरचा नंबर वेगळा, की परत द्या.

एमआरपीत सगळे टॅक्स आलेले असतात. पार्टच्या एमआरपीवर कोणी वेगळा जीएसटी लावला तर तिथेच थांबवा, लेबरवर १८ टक्के वेगळा लागतो ते बरोबर आहे. आणखी एक, २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या पार्टवरचा जीएसटी सरसकट १८ टक्के झाला, त्याआधी बऱ्याच पार्टवर २८ होता. म्हणजे टॅक्स धरून १,२८० चा पार्ट मूळ किंमत तीच राहिली तर १,१८० ला यायला हवा. त्याआधीच्या पॅकिंगचा जुना बॉक्स पुढे केला तर नवीन किंमत विचारा.

पायरी ६ : अपघात झाला असेल तर क्लेमच्या आधी कागद-पेन घ्या

साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, नायलॉनच्या पार्टवर ५० टक्के घसारा (पार्ट जुना झाला म्हणून कमी धरलेली किंमत) कापतात, फायबरग्लासवर ३०, काचेवर काही नाही, आणि पत्र्याच्या पार्टवर गाडीच्या वयाप्रमाणे. वर १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये सक्तीने आपल्या खिशातून. समजा जेन्युइन बंपर ६,००० चा आहे, तर घसारा जाऊन ३,०००, त्यातून १,००० गेले, हातात २,०००. आणि त्याच्या बदल्यात नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट जाते, जी पाच वर्षं क्लेम न केल्यावर ५० टक्क्यांपर्यंत पोचलेली असू शकते. अशा वेळी चांगला आफ्टरमार्केट बंपर स्वतःच्या पैशाने बसवणं स्वस्त पडतं. झिरो डेप (घसारा न कापणारी पॉलिसी) असेल किंवा नुकसान मोठं असेल तर गणित उलटं, तिथे क्लेम करा आणि सगळं जेन्युइनच मागा, एस्टिमेटमध्ये पार्ट नंबर लिहून घ्या.

पायरी ७ : बसवताना तिथेच उभे राहा

पार्ट आपण दिला तर काही गॅरेजवाले लेबर थोडं जास्त घेतात, ते आधीच बोलून घ्या, त्यात त्यांची चूक नाही कारण पार्टवरचं त्यांचं मार्जिन जातं. काही दादा लोक "बाहेरच्या पार्टची गॅरंटी माझी नाही" म्हणतात, तेही मान्य करा आणि बिल जपून ठेवा. बॉक्स आपल्यासमोर फोडायला सांगा, शॉकअप आणि पॅड डाव्या-उजव्या जोडीनेच बदला, आणि बिलावर त्या दिवसाचं किलोमीटर पेनाने लिहा, पुढच्या वेळी कोणता माल किती चालला ते तिथेच दिसतं.

आणि जुना पार्ट घरी आणा किंवा तिथेच वाकवून टाका, रिकामा जेन्युइन बॉक्स तर अजिबात गॅरेजमध्ये सोडू नका. असे बॉक्स गोळा करून त्यात डुप्लिकेट माल भरून विकतात, म्हणून होलोग्रामवरून आडवा फाडा आणि मगच कचऱ्यात टाका.