सनद भिंतीवर, पुस्तकं कपाटात: वकिलांनो, या चुका टाळा

सनद टिकवायला दरवर्षी अमुक तास शिकलंच पाहिजे, अशी अट 1961 च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टमध्ये नाही. म्हणून अनेकांचा अभ्यास सनद मिळाली त्या दिवशीच थांबतो आणि त्याची किंमत पक्षकार मोजतो.

तक्ता पाठ करणे. 1 जुलै 2024 ला नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि बाररूममध्ये जुन्या-नव्या कलमांचे तक्ते फिरू लागले. तक्ता सांगतो, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं एफआयआरचं कलम 154 नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 173 झालं. पण तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस वरिष्ठांच्या परवानगीने 14 दिवसांत प्राथमिक चौकशी करू शकतात, हे 173(3) तक्त्यात नसतं. खासगी तक्रारीचं 200 चं 223 झालं, पण मॅजिस्ट्रेटने दखल घेण्याआधी आरोपीला म्हणणं मांडायची संधी द्यायची, ही कलमाला जोडलेली अट (परंतुक) वाचायला मूळ कलमच उघडावं लागतं. आणि 482! जुन्या संहितेत ते हायकोर्टाचे अंगभूत अधिकार. नव्यात तोच आकडा अटकपूर्व जामिनाचा, अंगभूत अधिकार 528 मध्ये. मी दोन्ही बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे कायद्याची मूळ पुस्तकं, शेजारी उघडे ठेवतो आणि फरक समासात पेन्सिलीने लिहितो. वेळ जातो. जाऊ द्यावा.

फॉरवर्ड आलेल्या हेडनोटवर, म्हणजे निकालाच्या वर छापलेल्या सारांशावर, युक्तिवाद. याची मला खरी चीड आहे. एका दाव्यात समोरच्या वकिलांनी पेनड्राइव्हवर रेकॉर्डिंग दाखल केलं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 65ब चं प्रमाणपत्र जोडलं नाही आणि शफी मोहम्मद (2018) या निवाड्याची हेडनोट वाचून दाखवली. तो निवाडा सुप्रीम कोर्टाने 2020 मध्येच अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात मोडीत काढला होता. तो खटला आपल्याच जालन्याच्या निवडणुकीचा! वाईट याचं वाटलं की त्याच निकालपत्रात वाट दिलेली होती: मूळ उपकरण मालकाने साक्षीला उभं राहून हजर केलं, तर प्रमाणपत्राची गरज नाही. पण तोवर त्यांच्या पक्षकाराने रेकॉर्डिंग केलेला मूळ फोन एक्स्चेंजमध्ये देऊन टाकला होता. दावा दाखल करतानाच निकालपत्र वाचलं असतं, तर फोन जपून ठेवायला सांगता आलं असतं. मी पूर्ण निकालपत्र वाचल्याशिवाय आणि तो निवाडा पुढे फिरवला गेलाय का ते तपासल्याशिवाय कोर्टात नाव घेत नाही.

जुना नमुना चालवणे. पुरावा कायद्याच्या जागी आलेल्या नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र आता भाग अ आणि भाग ब असं दुहेरी आहे. ब भाग तज्ज्ञाने भरायचा.

कॅमेरा बंद ठेवून वेबिनारचं प्रमाणपत्र गोळा करणे. ज्युनिअर मंडळींनो, न्यायाधीश ते मागत नाहीत.

एआयने दिलेली साइटेशन्स, म्हणजे निवाड्यांचे संदर्भ, तशीच टाकणे. निवाडा स्वतः उघडून पाहिला नसेल, तर अर्जात नको.

जुनी पुस्तकं रद्दीत देणे. गुन्हा 1 जुलै 2024 च्या आधीचा असेल तर भादंविच लागू, आणि त्या दिवशी प्रलंबित असलेले खटले नव्या संहितेच्या कलम 531 प्रमाणे जुन्या संहितेखालीच चालतात.