डोस कॅलिब्रेटर: टेक्निशियम कमी उरलं की रीडिंग जास्त येतं

डोस कॅलिब्रेटर म्हणजे रुग्णाला द्यायच्या किरणोत्सारी औषधाची मात्रा मोजणारं यंत्र. त्याच्या लिनिॲरिटी टेस्टला (द्रव्य घटेल तसं रीडिंगही त्याच प्रमाणात घटतं का, ही तपासणी) किरणोत्सारी टेक्निशियम-९९एमची सुरुवातीची रीडिंगं चोख, सिझियम-१३७च्या ठरलेल्या सोर्सने होणारी रोजची तपासणीही ठीक. पण ४८ तासांनी, म्हणजे ८ अर्धायुष्यांनंतर, १/२५६ उरायला हवं तिथे आकडा बराच वर.

आधी खापर मुंबईच्या पावसाळी दमटपणावर फुटलं. यंत्राचा मोजणीचा चेंबर सीलबंद असतो, त्यामुळे ते बाद. टेक्निशियममध्ये भेसळ म्हणून येऊ शकणारं मॉलिब्डेनम-९९ही शिशाच्या डब्यातल्या चाचणीत मर्यादेत निघालं. डोकं पार उठलं होतं.

दोष डिपरवर (नमुना चेंबरमध्ये सोडायच्या दांडीवर) होता: आयोडीन-१३१चा डाग. बॅकग्राउंड (नमुना नसतानाचं, नंतर वजा करायचं रीडिंग) डिपर बाहेर ठेवून घेतलं जायचं, म्हणून तो डाग कधी वजाच व्हायचा नाही. मोठ्या डोसमध्ये लपायचा, छोट्यात उघडा पडायचा.

सगळे सोर्स दूर न्या. टेक्निशियमच्या सेटिंगवर आधी रिकाम्या चेंबरचं रीडिंग घ्या, मग लायनर (चेंबरचं काढता येणारं अस्तर) घालून, मग डिपर सोडून. ज्या पायरीला आकडा उडी मारेल, तो भाग मळलेला. ग्लोव्हज घालून ओल्या टिश्यूने पुसा, पुन्हा मोजा. उतरलं नाही तर पिशवीत बंद करून शिशाआड ठेवून द्या (आयोडीनचं अर्धायुष्य ८ दिवसांचं, घाई नको). दुसरा डिपर आत ठेवूनच नवं बॅकग्राउंड घ्या आणि लिनिॲरिटी पहिल्यापासून करा. आमचा शेवटचा बिंदूही आता रेषेवर बसतो.